पाऊस पडूनही उपग्रहाला जमीन कोरडी का दिसते? मातीतील ओल आणि रेडिओ व्यत्यय

काळीमाती:

नमस्कार.

मी मृद व जलसंधारण या विषयात पदव्युत्तर शिक्षण घेत असून मराठवाड्यातील खरीप हंगामात मातीतील ओल कशी बदलते, यावर प्रबंध लिहीत आहे. प्रत्यक्ष शेतात ओल मोजणारी साधने फार विरळ असल्यामुळे माझा मुख्य आधार उपग्रहांच्या नोंदींवर आहे. जपानच्या जीकॉम-डब्ल्यू१ या उपग्रहावरील एएमएसआर-२ रेडिओमीटरच्या (जमिनीकडून येणाऱ्या क्षीण सूक्ष्मलहरी मोजणाऱ्या उपकरणाच्या) ६.९ गिगाहर्ट्झ वाहिनीवरून काढलेला ओलीचा संच मी सध्या वापरते.

अडचण या संचाच्या जाळीतील एका चौकोनाची आहे. हा चौकोन एका मोठ्या शहराच्या कडेला येतो. जून-जुलैत चांगला पाऊस होऊनही तिथली ओल जागची हलत नाही. त्याच चौकोनातील दोन महसूल मंडळांच्या पर्जन्यमापकांवर त्या दिवसांत भरपूर पावसाची नोंद आहे, आजूबाजूच्या चौकोनांत ओल अपेक्षेप्रमाणे चढते आणि पावसाने उघडीप दिली की सावकाश उतरते, परंतु हा एकच चौकोन मे महिन्यासारखा कोरडा राहतो. प्रथम मी शहरातील सिमेंट-काँक्रीटला दोष दिला. मात्र काही दिवशी हाच चौकोन अगदी शेजाऱ्यांसारखा वागतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कोरडा होतो. बांधकाम एक दिवसाआड नाहीसे होत नाही, त्यामुळे ते कारण मला पटेनासे झाले आहे.

आमच्या विभागातील एका वरिष्ठ विद्यार्थ्याने हा रेडिओ व्यत्यय असावा असे सुचवले. तसे असेल तर तो ओळखायचा कसा? एल-बँडमधील १.४ गिगाहर्ट्झचा पट्टा आंतरराष्ट्रीय नियमांनी संरक्षित आहे असे वाचले; मग सगळे काम त्या पट्ट्यात ओल मोजणाऱ्या अमेरिकेच्या स्मॅप किंवा युरोपच्या स्मॉस उपग्रहांवर नेले तर हा प्रश्न संपेल का? २०१६ च्या दुष्काळ व्यवस्थापन संहितेत मातीतील ओल हा एक निर्देशक आहे. पाऊस झालेला तालुका कागदावर कोरडा दिसणे किंवा याच्या उलट होणे ही केवळ प्रबंधातील चूक राहणार नाही, म्हणून हे नीट समजून घ्यायचे आहे.

एल_बँड:

तुम्ही वर्णन केलेली लक्षणे व्यत्ययाचीच वाटतात. तरीही निष्कर्षाला येण्यापूर्वी रेडिओमीटर काय मोजतो ते पाहू, कारण कोरडेपणाचा हा आभास त्यातूनच समजतो.

रेडिओमीटर स्वतः काहीही प्रक्षेपित करत नाही. प्रत्येक वस्तू आपल्या तापमानानुसार सूक्ष्मलहरींमध्ये जे अत्यंत क्षीण प्रारण सोडते, तेवढेच तो ऐकतो आणि त्याची तीव्रता केल्विनमध्ये सांगतो. तिला दीप्ती-तापमान म्हणतात. कोरड्या मातीचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक (पदार्थ विद्युतक्षेत्राला किती प्रतिसाद देतो याचे माप) ३ ते ४ असतो, तर पाण्याचा ८० च्या आसपास असतो. माती भिजली की तिचा स्थिरांक वाढतो, जमिनीची परावर्तनक्षमता वाढते आणि उत्सर्जनक्षमता घटते. म्हणून ओली जमीन रेडिओमीटरला थंड दिसते आणि कोरडी जमीन उबदार दिसते. उघड्या रानावर ओल घनफळाच्या एक टक्क्याने वाढली, तर एल-बँडमधील दीप्ती-तापमान साधारण २ ते ३ केल्विनने उतरते.

आता जमिनीवरील एखाद्या प्रक्षेपकाची ऊर्जा याच वाहिनीत शिरली असे समजा. ती नैसर्गिक प्रारणात मिसळते आणि दीप्ती-तापमान वाढवते. गणिताला ही ऊर्जा मातीची नाही हे कळण्याचा मार्ग नसतो. त्याच्या दृष्टीने जमीन तेवढी कोरडी झालेली असते. किती अल्प ऊर्जा यासाठी पुरेशी होते, हे पाहण्यासारखे आहे. ३०० केल्विन तापमानाच्या जमिनीकडून २७ मेगाहर्ट्झ रुंदीच्या पट्ट्यात ग्राहकापर्यंत येणारी शक्ती सुमारे एका वॉटचा दहा लाख कोटीवा भाग असते, आणि एक केल्विनचा फरक म्हणजे त्याचाही तीनशेवा भाग असतो. मोबाइल मनोऱ्यावरील प्रक्षेपक कित्येक वॉट शक्तीने चालतो, तेव्हा या दोन जगांतील अंतर लक्षात यावे.

६.९ गिगाहर्ट्झच्या वाहिनीला ओलीच्या मोजमापासाठी कोणतेही नियामक संरक्षण नाही. १९७८ मध्ये निंबस-७ उपग्रहावरील एसएमएमआर हा रेडिओमीटर ६.६ गिगाहर्ट्झवर काम करू लागला, तेव्हा या भागात वर्दळ कमी होती. २००२ मध्ये अ‍ॅक्वा उपग्रहावरील एएमएसआर-ई सुरू झाला तोवर चित्र बदलले होते. त्याच्या नोंदींच्या जागतिक पाहणीत ६.९ गिगाहर्ट्झवरील व्यत्यय मुख्यतः अमेरिका, जपान आणि मध्यपूर्वेत, तर १०.७ गिगाहर्ट्झवरील व्यत्यय मुख्यतः इंग्लंड, इटली आणि जपानमध्ये आढळला. म्हणूनच २०१२ मध्ये गेलेल्या एएमएसआर-२ मध्ये ७.३ गिगाहर्ट्झची जादा वाहिनी बसवण्यात आली. तिचा मुख्य उपयोगच व्यत्यय ओळखणे आणि टाळणे हा आहे, आणि तुमच्या प्रश्नाचे उत्तर तिथेच सापडण्याची शक्यता आहे.

६.९ आणि ७.३ या वाहिन्या इतक्या जवळ आहेत आणि त्यांचा जमिनीवरील ठसा, म्हणजे एका नोंदीत येणारा भूभाग, इतका सारखा आहे (दोन्हींचा सुमारे ३५ गुणिले ६२ किलोमीटर), की नैसर्गिक जमिनीवर त्यांचे दीप्ती-तापमान जवळपास समान आले पाहिजे. एखाद्या दिवशी त्यांत पाच केल्विनहून अधिक फरक दिसला, तर मातीकडे त्याचे स्पष्टीकरण नसते. १०.६५ गिगाहर्ट्झच्या वाहिनीशी तुलना करण्याची पद्धत जुनी आहे: ओल्या किंवा पिकाखालच्या जमिनीवर वारंवारता वाढते तसे दीप्ती-तापमानही सहसा वाढते, त्यामुळे ६.९ ची नोंद १०.६५ पेक्षा ठळकपणे वर गेली की संशय घ्यावा. ही तुलना मात्र जपून करावी. १०.६५ चा ठसा लहान, सुमारे २४ गुणिले ४२ किलोमीटर असल्यामुळे नाथसागरासारखा मोठा जलाशय जवळ असेल तर एका वाहिनीत पाणी येते आणि दुसरीत येत नाही. मग व्यत्यय नसतानाही फरक पडतो.

आता एक दिवसाआड बदलणाऱ्या वागणुकीविषयी. या वारंवारतांवरील दूरसंचाराचे सूक्ष्मलहरी दुवे एका मनोऱ्याकडून दुसऱ्याकडे, म्हणजे क्षितिजाला जवळजवळ समांतर आणि ठरावीक दिशेने प्रक्षेपण करतात. एएमएसआर-२ जमिनीकडे सरळ खाली पाहत नाही. त्याच्या दृष्टिरेषेचा जमिनीशी आपाती कोन ५५ अंशांचा असतो. दुपारी दीडच्या सुमारास उत्तरेकडे जाताना आणि रात्री दीडच्या सुमारास दक्षिणेकडे जाताना तो तोच चौकोन वेगवेगळ्या दिशांनी पाहतो. एका फेरीत दुव्याचा झोत त्याच्या दृष्टीच्या जवळ येतो आणि दुसऱ्या फेरीत येत नाही. दोन्ही फेऱ्या तुम्ही एकत्र केल्या असतील तर त्या आधी वेगळ्या करा. मला वाटते निम्मे कोडे तिथेच सुटेल.

निवृत्त_अभियंता:

माझी सारी नोकरी वारंवारता-नियंत्रण आणि देखरेखीच्या कामात गेली. त्यामुळे संरक्षित पट्ट्याविषयीच्या प्रश्नाला मी उत्तर देतो.

१४०० ते १४२७ मेगाहर्ट्झ हा पट्टा आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या रेडिओ नियमावलीतील ५.३४० या तळटीपेखाली येतो. तिचे शब्द अतिशय स्पष्ट आहेत: या पट्ट्यात सर्व प्रक्षेपणांना मनाई आहे. इतके निरपवाद वाक्य त्या नियमावलीत क्वचितच सापडते. याचे मूळ खगोलशास्त्रात आहे. उदासीन हायड्रोजनची २१ सेंटिमीटरची रेषा १४२०.४ मेगाहर्ट्झवर येते. आपल्या पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडदला असलेली, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची महाकाय दुर्बीणही याच रेषेचा अभ्यास करते. मातीची ओल मोजणाऱ्यांना हा शांत पट्टा खगोलशास्त्रज्ञांच्या शेजारी बसून वापरायला मिळाला.

नियम असूनही शांतता नव्हती, हे युरोपीय अंतराळ संस्थेच्या स्मॉस उपग्रहाने दाखवून दिले. २ नोव्हेंबर २००९ रोजी तो प्रक्षेपित झाला. त्याच्या वाय आकाराच्या तीन भुजांवर ६९ लहान ग्राहक आहेत आणि त्या सर्वांच्या नोंदी एकत्र गुंफून एका मोठ्या अँटेनाची प्रतिमा तयार केली जाते. त्याने काम सुरू करताच युरोप, मध्यपूर्व आणि आशियाच्या मोठ्या भागांवर असे ठिपके दिसू लागले, ज्यांचे दीप्ती-तापमान कोणत्याही नैसर्गिक जमिनीला शक्य नाही. काही ठिकाणी ते हजारो केल्विनपर्यंत गेले होते. त्याच्या रचनेमुळे आणखी एक त्रास झाला. गुंफून बनवलेल्या प्रतिमेत एका तेजस्वी ठिपक्याचे पडसाद दूरवर उमटतात. त्यामुळे स्रोतापासून शेकडो किलोमीटरवरची जमीनही बिघडते, आणि तिथे दीप्ती-तापमान वाढेलच असे नसून कधी ते घटतेही.

स्रोत मुख्यतः दोन प्रकारचे होते. काही प्रक्षेपक या पट्ट्यातच बेकायदा चालत होते, तर काही शेजारच्या पट्ट्यात पूर्णतः कायदेशीरपणे काम करणारे रडार आणि रेडिओ दुवे होते, ज्यांची थोडी ऊर्जा कडेवरून आत झिरपत होती. दुसरा प्रकार हाताळणे अवघड असते, कारण परवाना दाखवणारा माणूस खोटे बोलत नसतो. पट्ट्याबाहेर किती ऊर्जा गळू द्यावी यासंबंधीचा ७५० क्रमांकाचा ठराव २००७ च्या जागतिक रेडिओ परिषदेत आला, परंतु त्यापूर्वी बसवलेली यंत्रणा अनेक वर्षे चालत राहते.

उपग्रह चालवणाऱ्या संस्थेला कोणाचाही प्रक्षेपक बंद करण्याचा अधिकार नसतो. ती स्रोताचे स्थान काही किलोमीटरच्या अचूकतेने काढून संबंधित देशाच्या नियामक विभागाला कळवते. जमिनीवर शोध घेणे त्या देशाचे काम असते. या मार्गाने युरोपातील अनेक स्रोत बंद झाले. उत्तर अटलांटिकच्या बाजूला ग्रीनलंडमधील प्रक्षेपक २०११ मध्ये बंद झाले आणि त्याच वर्षी कॅनडाने आपल्या लष्करी रडारांची दुरुस्ती हाती घेतली. जपानमधील प्रकरण मला सर्वांत बोधप्रद वाटते. तिथे दोषी प्रक्षेपक नव्हताच. घरोघरी उपग्रह-दूरचित्रवाणी पाहण्यासाठी बसवलेल्या ग्राहक साधनांत सिग्नल खालच्या वारंवारतेवर आणून वाढवला जातो. ती मधली वारंवारता याच पट्ट्यातून जाते, आणि नीट आवरण नसलेल्या केबल व वर्धकांतून ती बाहेर गळत होती. एका घराची गळती नगण्य असते. लाखो घरांची मिळून ती उपग्रहाला दिसते.

या प्रकाराशी माझी जुनी ओळख आहे. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात एका नियंत्रण कक्षाच्या संभाषणात येणारा व्यत्यय शोधत आम्ही दोन दिवस गाडी फिरवली आणि शेवटी एका घराच्या गच्चीवरील बिघडलेल्या दूरचित्रवाणी बूस्टरपाशी पोहोचलो. घरमालकांना याची कल्पनाच नव्हती. त्यांचा दूरचित्रवाणी संच व्यवस्थित चालू होता. त्यांनी तत्काळ तो काढून दिला. व्यत्यय आणणारा प्रत्येक जण नियम मोडण्याच्या हेतूने वागतो असे मानू नये, हे मी तिथे शिकलो.

तुमच्या ६.९ च्या वाहिनीबाबत मात्र अशी तक्रार करता येणार नाही. तिथे दूरसंचाराचे दुवे आणि भूस्थिर उपग्रहांकडे जाणारी प्रक्षेपणे हेच अधिकृत वापरकर्ते आहेत. नियमावलीत त्या भागातील निष्क्रिय मोजमापांची केवळ नोंद घेतलेली आहे आणि तीही मुख्यतः समुद्रावरील मोजमापांसंबंधी आहे. २०२३ च्या परिषदेत ६.४२५ ते ७.१२५ गिगाहर्ट्झमधील भाग काही प्रदेशांत मोबाइल सेवांसाठी निश्चित झाला आहे. त्यामुळे या वाहिनीवरील गर्दी कमी होण्याची अपेक्षा ठेवू नये. तिथे व्यत्यय ओळखून नोंद बाजूला काढणे एवढाच उपाय उरतो.

काळीमाती:

दोघांचेही मनापासून आभार.

दुपारची आणि रात्रीची फेरी वेगळी केली. चित्र लगेच स्पष्ट झाले: रात्रीच्या फेरीत तो चौकोन शेजाऱ्यांसारखा भिजतो आणि वाळतो, दुपारच्या फेरीत तो कायम कोरडा राहतो. ६.९ आणि ७.३ मधील फरकही दुपारच्या फेरीतच मोठा आहे. मी या दोन्ही फेऱ्यांची सरासरी घेत होते आणि तीच चूक मूळ ठरली.

आता दुसरी शंका. हा व्यत्यय मोठा होता म्हणून सापडला. दोन-तीन केल्विनचा व्यत्यय असेल तर तो या फरकातून दिसणार नाही, पण वर दिलेल्या हिशेबाने तेवढ्यानेच ओलीचा एक टक्का नाहीसा होईल. अशा सौम्य व्यत्ययाचे काय करायचे? आणि स्मॅपच्या नोंदीत व्यत्ययाची खूण नसेल तर ती नोंद स्वच्छ मानावी का?

एल_बँड:

तुम्ही नेमक्या दुखऱ्या जागी बोट ठेवले आहे. हजार केल्विनचा ठिपका कोणालाही फसवत नाही. तो फेकून दिला जातो आणि आपण फक्त एक नोंद गमावतो. तीन केल्विनचा व्यत्यय मात्र मातीच्या वेषात येतो. तो वाफसा आलेल्या रानाला ताण बसलेले रान म्हणून दाखवतो, आणि जितक्या दीर्घ काळाच्या नोंदी तुम्ही वापराल तितका तो घातक ठरतो. एखाद्या जागी मालिकेच्या मध्येच नवा दुवा सुरू झाला, तर तिथून पुढे जमीन कायमची थोडी कोरडी झालेली दिसेल आणि कोणी तरी तिला हवामानबदलाचा कल समजेल. माझ्या मते तुमच्या प्रबंधात यावर स्वतंत्र प्रकरण असायला हवे.

स्मॅपची रचना स्मॉसचा अनुभव समोर ठेवून झाली. ३१ जानेवारी २०१५ रोजी तो प्रक्षेपित झाला. त्याचे स्वतःचे रडार त्याच वर्षी ७ जुलैला बंद पडले, परंतु ६ मीटर व्यासाच्या फिरत्या अँटेनावरचा रेडिओमीटर पुढे काम करत राहिला. या रेडिओमीटरचा पट्टा १६ उपपट्ट्यांत विभागलेला असून वेळेचेही बारीक तुकडे केले जातात. त्यामुळे क्षणिक रडार-स्पंद वेळेच्या तुकड्यात पकडता येतो, अरुंद पट्ट्यातील अखंड प्रक्षेपण उपपट्ट्यात पकडता येते, आणि उरलेले स्वच्छ तुकडे जोडून दीप्ती-तापमान वाचवता येते. खराब तुकड्यापायी अख्खी नोंद टाकून द्यावी लागत नाही, हे त्याचे मोठेपण आहे.

त्यातील एक कसोटी मला विशेष आवडते. मातीकडून येणारे औष्णिक प्रारण हा पूर्णतः यादृच्छिक गोंगाट असतो आणि त्याच्या विद्युत्दाबाचे वितरण गाउसी, म्हणजे घंटेच्या आकाराचे असते. अशा वितरणाचा कर्टोसिस हा संख्याशास्त्रीय निर्देशांक नेमका ३ येतो, मग माती ओली असो वा कोरडी. मानवी प्रक्षेपण मिसळले की तो ३ वर राहत नाही: तुरळक रडार-स्पंद त्याला ३ च्या वर नेतात आणि अखंड ज्यावक्रीय लहर त्याला खाली ओढते. ऊर्जा किती आली यापेक्षा तिचा स्वभाव कसा आहे, हे ही कसोटी विचारते. तिला एक आंधळी जागाही आहे. स्पंदित लहर निम्मा वेळ चालू आणि निम्मा वेळ बंद असेल, तर दोन्ही परिणाम एकमेकांना खोडून काढतात आणि निर्देशांक पुन्हा ३ येतो. त्यामुळे स्मॅपवर एकच कसोटी वापरत नाहीत. ध्रुवणाच्या (लहरीच्या कंपनाच्या दिशेच्या) तिसऱ्या आणि चौथ्या स्टोक्स घटकांचीही तपासणी होते, कारण नैसर्गिक जमिनीकडून त्या घटकांत फारसे काही अपेक्षित नसते.

खूण नसणे म्हणजे स्वच्छतेची हमी, असे तरीही मानू नये. गोंगाटासारखाच रुंद आणि विखुरलेला व्यत्यय, उदाहरणार्थ वर सांगितलेली असंख्य घरांतील एकत्रित गळती, या कसोट्यांतून निसटू शकते. तुम्ही दोन गोष्टी स्वतः तपासू शकता. स्मॅपच्या पहिल्या पातळीच्या संचात व्यत्ययाच्या गाळणीपूर्वीचे आणि गाळणीनंतरचे अशी दोन्ही अँटेना-तापमाने दिलेली असतात. त्यांतील फरक तुमच्या चौकोनावर वर्षभर कसा वागतो ते पाहा. फरक वारंवार मोठा येत असेल, तर गाळणीनंतरही काही शिल्लक राहिले असण्याची शक्यता असते. दुसरे असे की, फिरत्या अँटेनामुळे स्मॅप तीच जागा काही मिनिटांच्या अंतराने एकदा पुढच्या बाजूने आणि एकदा मागच्या बाजूने पाहतो. एवढ्या वेळात मातीची ओल बदलत नाही. दोन दृष्टींत सातत्याने फरक येत असेल, तर कारण दिशा असलेल्या एखाद्या स्रोतात शोधावे. हे तुमच्या दुपार-रात्रीच्या फरकासारखेच आहे. फक्त इथे दोन नोंदींमध्ये बारा तास जात नाहीत, त्यामुळे पुरावा अधिक निर्णायक असतो.

शेवटी एक इशारा. ६.९ बिघडले म्हणून निमूटपणे १०.६५ वर जाऊ नका. वारंवारता वाढते तशी मातीत पाहण्याची खोली घटते. एल-बँडला वरचे सुमारे ५ सेंटिमीटर दिसतात, १०.६५ ला जेमतेम वरचा पापुद्रा दिसतो. ऑगस्टमध्ये सोयाबीनची पाने रानभर पसरली की त्या वाहिनीवर तुम्ही बहुतांशी पीकच मोजत असता. एकाच मालिकेत काही दिवस ही वाहिनी आणि काही दिवस ती वाहिनी वापरली, तर त्यांतील फरकाला तुम्ही पावसाचा परिणाम समजाल.

रडारवाचक:

चर्चा रेडिओमीटरची असली तरी अनेक जण ओलीसाठी आता रडारकडे वळत असल्याने थोडी भर घालतो.

रडार स्वतः लहर पाठवून तिचा परतावा मोजते, त्यामुळे तीन केल्विनच्या व्यत्ययाने ते डगमगत नाही. जमिनीवरचे शक्तिशाली रडार मात्र त्यालाही सोडत नाही. युरोपचा सेंटिनेल-१ हा रडार-उपग्रह सी-बँडमध्ये ५.४०५ गिगाहर्ट्झवर काम करतो. त्याच्या प्रतिमांत कधी कधी उपग्रहाच्या मार्गाला काटकोनात जाणारे उजळ पट्टे दिसतात. मध्यपूर्वेतील असे पट्टे तिथल्या क्षेपणास्त्रविरोधी रडारांशी जोडले गेले आहेत. २०२२ पासून त्याच्या प्रक्रियेत व्यत्ययाची तपासणी आणि निवारण समाविष्ट झाले असल्यामुळे जुन्या आणि नव्या प्रतिमा एका मालिकेत वापरणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून गेलेल्या निसार या भारत-अमेरिकेच्या संयुक्त उपग्रहाचे एल-बँड रडार १.२५७ गिगाहर्ट्झच्या आसपास काम करते. हा पट्टा १.४ सारखा राखीव नाही. तो हवाई वाहतुकीवर नजर ठेवणारे रडार आणि दिशादर्शक उपग्रह यांच्याबरोबर वाटून घेतलेला आहे. निसारकडून ओलीची माहिती २०० मीटरच्या जाळीवर मिळावी अशी योजना आहे, आणि मराठवाड्यातील लहान शेतांसाठी ती खरोखर मोलाची ठरेल. त्या बारकाव्याबरोबर विमानतळाजवळच्या भागांत व्यत्ययाच्या खुणा तपासण्याचे कामही येईल.

याहून टोकाचे उदाहरण युरोपच्या बायोमास उपग्रहाचे आहे. २९ एप्रिल २०२५ रोजी प्रक्षेपित झालेला हा उपग्रह ४३५ मेगाहर्ट्झवर जंगलांचे वस्तुमान मोजतो, आणि युरोप व उत्तर अमेरिकेवर आल्यावर त्याला रडार चालवण्याची परवानगी नाही, कारण त्या वारंवारतेवर अमेरिकेची अवकाशातील वस्तूंचा माग काढणारी रडारे काम करतात. एरवी आपण उपग्रहाला होणाऱ्या व्यत्ययाची चिंता करतो. इथे उपग्रहाचाच व्यत्यय होईल म्हणून तो गप्प बसतो, आणि दोन खंडांचा मोठा भाग त्याच्या नकाशात मोकळा राहतो.

काळीमाती:

हे सगळे वाचून मी कामाचा आराखडा बदलला आहे. ६.९ ची केवळ रात्रीची फेरी ठेवणार आहे, आणि ७.३ शी मेळ न बसणाऱ्या नोंदी काढून टाकणार आहे. १०.६५ मालिकेत मिसळणार नाही. स्मॅपच्या पुढच्या-मागच्या दृष्टींतील फरक तपासायला घेतला आहे. त्यात काही सातत्याने आढळले, आणि तो पट्टा संरक्षित असल्यामुळे कळवावेसे वाटले, तर एखाद्या विद्यार्थिनीने ते कोणाला आणि कसे कळवावे? निवृत्त अभियंता सरांनी मार्गदर्शन केले तर बरे होईल.

निवृत्त_अभियंता:

आपल्याकडे वारंवारतांचे वाटप दूरसंचार विभागाची वायरलेस प्लॅनिंग अँड कोऑर्डिनेशन शाखा करते आणि प्रत्यक्ष देखरेखीचे काम वायरलेस मॉनिटरिंग ऑर्गनायझेशनकडे आहे. पत्र तुमच्या विभागप्रमुखांच्या सहीने पाठवा. उपग्रह चालवणाऱ्या संस्थेच्या माहिती केंद्रालाही त्याची प्रत द्या, कारण तिच्या नोंदीत तो स्रोत आधीच असेल तर तुमचे निरीक्षण त्याला जोडले जाते.

पत्रात व्यत्यय आहे एवढेच लिहिले तर शोधपथकाला काही करता येत नाही. स्थानाचे अक्षांश-रेखांश आणि त्यांतील संभाव्य चूक किती किलोमीटरची आहे ते लिहा. प्रत्येक निरीक्षणाची तारीख आणि भारतीय प्रमाणवेळ, उपग्रह कोणत्या दिशेने पाहत होता, व्यत्यय कोणत्या ध्रुवणात अधिक होता आणि कोणत्या उपपट्ट्यांत होता, हे द्या. रडार असल्यास ते अनेकदा ठरावीक वेळीच चालते, म्हणून ज्या दिवशी व्यत्यय दिसला नाही त्या दिवसांची यादीही जोडा. शोधाची गाडी कधी न्यायची हे त्या यादीवरून ठरते. स्रोत दिशादर्शक असेल, तर तुम्ही दिलेल्या दृष्टीच्या दिशेवरून मनोऱ्याचे तोंड कुठे असावे याचा अंदाज बांधता येतो आणि अनेक किलोमीटरचा परिसर चाळण्याचे श्रम वाचतात.